भावी क्रीडा संपादक

पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या तासाला ‘तुम्ही इकडे का आलात?’ असं विचारायची जुनी पद्धत आहे. उत्तरंही जुनीच येतात. कुणाला लोकशाहीचा चौथा खांब सांभाळायचा असतो, कुणाला वंचितांचा आवाज व्हायचं असतं, आणि एखादा प्रामाणिक मुलगा ‘एमपीएससीचा निकाल लागेपर्यंत’ असं सांगून मोकळा होतो. मग शेवटच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, मला क्रीडा पत्रकार व्हायचंय.’ दरवर्षी एक तरी असतोच. मुलगा बदलतो, बाक बदलत नाही.

‘कुठला खेळ?’ असं विचारलं की तो गोंधळतो. खेळ अनेक असतात हे त्याच्या कानावर आलेलं असतं, पण त्याचा आपल्याशी काही संबंध असेल असं त्याला वाटलेलं नसतं. ‘म्हणजे... क्रिकेटच ना सर?’

मी वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात रात्रपाळ्या करून निवृत्त झालो आणि आता पुण्यातल्या एका विद्यापीठात, तासाप्रमाणे मानधन मिळणारा पाहुणा म्हणून शिकवायला जातो. मानधन कधी मिळतं हा वेगळा विषय आहे आणि तो अभ्यासक्रमात नाही. तर या नोकरीत मी या जातीचे बरेच नमुने पाहिले. त्यातला सगळ्यात अस्सल म्हणजे २०२४च्या जुलैत आलेला आमचा ‘इंट्रो’. हे नाव त्याला वर्गाने ठेवलं. का ठेवलं ते पुढे येईलच.

इंट्रोच्या अंगात बारा महिने पिवळा टी-शर्ट आणि पाठीवर सात आकडा. एका कानात इअरफोन. दुसरा कान शिक्षणासाठी मोकळा. वहीची सुरुवात शेवटच्या पानापासून, आणि तिथे रोज नवा संघ. पंतला वगळायचं की कुलदीपला बसवायचं, या चिंतेत ‘प्रसारमाध्यमांचे कायदे’ या पेपरला तो दोनदा बसला. सत्र परीक्षा आणि आयपीएल एकाच वेळी येतात यामागे विद्यापीठाचं कारस्थान आहे असं त्याचं ठाम मत होतं आणि त्यावर शोधपत्रकारिता करायचीही त्याची तयारी होती. पैसे लावायचे फँटसी संघ तो वर्गात बसून, बाकाखाली फोन धरून लावायचा. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून तो प्रकार बंद केला, तेव्हा महिनाभर त्याचा चेहरा पाहवत नव्हता. मात्र त्याच महिन्यात त्याची हजेरी पहिल्यांदा पंच्याहत्तर टक्क्यांवर गेली. कायद्याचा इतका ताबडतोब परिणाम मी दुसरा पाहिला नाही.

पण त्याला अज्ञानी म्हणायची सोय नव्हती. त्याचा जन्म २००३चा. तरी २९ फेब्रुवारी १९९६ला स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर केनियाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत कसं गुंडाळलं, हे तो तिथे भेळ खात बसला होता अशा थाटात सांगायचा. लाराचा झेल यष्टिरक्षक तारिक इक्बालने कसा घेतला, हे तर उभा राहून, हातात डस्टर घेऊन. भाऊसाहेब निंबाळकरांचा विषय निघाला की तो तापायचाच. १९४८च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब ४४३ वर नाबाद, ब्रॅडमनच्या ४५२च्या विक्रमाला नऊ धावा कमी, आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! ‘सर, ही अखिलाडूवृत्ती नाही का?’ काठियावाडच्या त्या संघातलं कुणी त्याला डेक्कनला भेटलं असतं तर त्याने तिथेच जाब विचारला असता.

‘बरं,’ मी एकदा म्हटलं, ‘खो-खोत एका संघाचे किती जण मैदानात असतात?’

‘अकरा.’

‘कबड्डीत?’

‘अक... थांबा सर.’

थांबलो. उत्तर आलं नाही. त्याच्या जगात माणसं अकराच्या गठ्ठ्याने जन्माला येत होती.

यात त्याचा एकट्याचा दोष आहे असं मी म्हणणार नाही. १ ऑगस्ट २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. हेलसिंकीत १९५२ साली खाशाबा जाधवांनी पदक मिळवल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली होती. अख्खा वर्ग त्या दिवशी नेमबाजीतला तज्ज्ञ झाला. मी तिथल्या तिथे दहा ओळींची बातमी लिहायला सांगितली. इंट्रोची पहिली ओळ अशी: ‘महेंद्रसिंह धोनीप्रमाणेच रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या...’ दुसऱ्या ओळीतही धोनी होता. कुसळे चौथ्या ओळीत आला, तोही धोनीचा चाहता म्हणून. त्या तीन पोझिशन कुठल्या, हे विचारल्यावर म्हणाला, ‘सर, ते इव्हेंटचं नाव आहे.’ गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून अशा तीन प्रकारे नेमबाजी करावी लागते, हे ऐकल्यावर त्याला खरोखर नवल वाटलं. ‘एकाच माणसाने?’ म्हणाला.

त्याचं बारसं झालं त्या ऑक्टोबरात. गहुंजेला भारत-न्यूझीलंड कसोटी होती. वर्गाला काम दिलं: सामना कुठेही बघा, दीडशे शब्दांत बातमी द्या. इंट्रो घरच्यांकडून पैसे घेऊन, तिकीट काढून, तिन्ही दिवस उन्हात बसला. न्यूझीलंडने ११३ धावांनी सामना जिंकला, मिचेल सँटनरने तेरा बळी घेतले, आणि मायदेशात सलग अठरा मालिका जिंकत आलेला भारत बारा वर्षांत पहिल्यांदा मालिका हरला. इतक्या ठळक घटना एका दुपारी हाताला लागणं हे बातमीदाराचं भाग्य. सोमवारी त्याने दोन्ही हातांनी कागद दिला. त्यात असं होतं:

‘सह्याद्रीच्या कुशीत, पवनामाईच्या काठी, द्रुतगती मार्गावरून धावणाऱ्या वाहनांच्या साक्षीने जेव्हा सूर्यनारायण दिवसाचा डाव घोषित करून पश्चिमेच्या तंबूत परतण्याची तयारी करत होता, तेव्हा एकशे चाळीस कोटी हृदयांचे ठोके जणू एकाच लयीत...’

हे वाक्य पुढे बरंच चाललं. त्यात सिंहगड आला, तानाजी आला, गड आणि सिंह आले, ऑक्टोबर हीट आली, पाण्याची बाटली आली. दीडशे शब्द पूर्ण झाले तेव्हा सूर्य अजून मावळला नव्हता.

‘जिंकलं कोण?’ मी विचारलं.

‘सर, ते दुसऱ्या परिच्छेदात होतं. पण शब्द संपले.’

‘आणि सँटनर?’

‘तो तिसऱ्यात होता.’

बातमीच्या सुरुवातीच्या परिच्छेदाला आमच्या धंद्यात ‘इंट्रो’ म्हणतात. त्या दिवसापासून तो इंट्रो. त्याने हे नाव मानाने घेतलं. पुढे त्याने सुरू केलेल्या यूट्यूब वाहिनीलाही ते दिलं. तिचे वर्गणीदार म्हणजे वर्ग, मावश्या, आणि सांगलीचा एक गृहस्थ जो प्रत्येक व्हिडिओखाली ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहायचा.

प्रेस बॉक्स हे त्याचं पंढरपूर. तिथे काच असते का, एसी असतो का, जेवणात काय असतं, खेळाडू दिसले तर हात हलवतात का, असे प्रश्न तो तास संपल्यावर जिन्यात गाठून विचारायचा. मी जेवणाबद्दल खरं तेच सांगितलं, म्हणजे चांगलं असतं. मग तिथला नियमही सांगितला: प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपला संघ जिंको की हरो, ओरडायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, मान खाली घालून टंकत राहायचं. जगभर हाच रिवाज आहे.

तो जिन्यातच थांबला. ‘षटकार गेला तरी?’

‘तरी.’

‘वर्ल्ड कपची फायनल असली तरी?’

‘तेव्हा तर टंकायला वेळच कमी असतो.’

‘मग जायचं कशाला सर?’

या प्रश्नाचं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही, आणि मी उभी हयात त्या धंद्यात काढली.

आता थोडा इतिहासाचा तास. वि. वि. करमरकरांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं आणि त्या पानावर क्रिकेटच्या शेजारी कबड्डी, खो-खो, कुस्ती यांना मानाने बसवलं, बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेटचं धावतं वर्णन घराघरांत नेलं. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंते होते आणि नोकरी सांभाळून क्रिकेटवर लिहीत राहिले. हे मी रंगवून सांगितलं. परीक्षेत टीप विचारली: ‘करमरकर यांचे मराठी क्रीडा पत्रकारितेतील योगदान.’ इंट्रोने लिहिलं: ‘ते क्रिकेटवर लिहीत.’ पुढे सह्याद्री. उत्तर चूक म्हणता येईना, कारण ते क्रिकेटवर लिहीतच होते. अर्धा गुण दिला. पुनर्मूल्यांकनात तो एक झाला, हे इथे नमूद करतो.

सराव पत्रकार परिषद हा आमच्याकडचा आवडता कार्यक्रम. एकाने कर्णधार व्हायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. इंट्रोचा प्रश्न साधारण दीड मिनिट चाले. ‘सर्वप्रथम तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. ज्या पद्धतीने तुमच्या संघाने आज दडपणाखाली, म्हणजे एका वेळी तर असं वाटत होतं की सामना हातातून गेला, पण ज्या जिद्दीने, आणि त्यात प्रेक्षकांचा पाठिंबा, घरच्यांचे आशीर्वाद, तर हे सगळं बघता, कसं वाटतंय?’

कर्णधाराच्या खुर्चीत बसली होती मंगळवेढ्याकडची एक मुलगी. ती म्हणाली, ‘बरं वाटतंय.’

परिषद संपली.

या मुलीबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण हल्ली प्रत्येक तुकडीत तीही असते. ती पहिल्या दिवशी ‘क्रीडा पत्रकार व्हायचंय’ असं म्हणत नाही. ‘नोकरी हवी’ म्हणते. चार वर्षं महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळलेली, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गुणपत्रक कसं भरतात हे ठाऊक असलेली. अविनाश साबळे धावतो त्या तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाणी असतं, हे तिला न बघता सांगता यायचं. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मोजले.’ तिच्या बातमीत विशेषण औषधालाही नसे. इंट्रोचं म्हणणं, ‘सर, तिच्या कॉपीत फील नाही.’ खरं होतं. निकाल मात्र असायचा.

खो-खो विश्वचषक झाला तो जानेवारी २०२५मध्ये, दिल्लीत. १९ जानेवारीला भारताच्या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून दोन्ही करंडक जिंकले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, पुरुष संघाचा प्रतीक वाईकर. दोघंही पुण्यात खेळून मोठे झालेले. वर्गाच्या खिडकीतून दगड मारला तर लागेल इतक्या जवळचा खेळ जगज्जेता झाला आणि इंट्रोला अजून नऊ आणि अकराचा घोळ. मी त्याला शिक्षा म्हणून एका शाळेच्या मैदानावर पाठवलं. चौदा वर्षांखालील मुलींची आंतरशालेय स्पर्धा. अट एकच: सिंहगड नको.

तो दुचाकीवर ‘प्रेस’ असं चिकटवून गेला. चिठ्ठी आमच्या विभागाची, रुबाब रॉयटर्सचा. तिथल्या क्रीडा शिक्षकांनी ‘पत्रकार का? या या’ म्हणून मंडपातल्या लाल खुर्चीवर बसवलं, चहा दिला. ती खुर्ची माजी नगरसेवकांसाठी होती, ते आल्यावर उठवलं. मग तो मैदानाच्या कडेला, गुणलेखकाच्या टेबलाजवळ उभा राहिला. तिथे गुडघ्याला पट्टी बांधलेली एक राखीव खेळाडू बसली होती. पुढचा संवाद त्याने मला जसा सांगितला तसाच देतो.

‘ती वळली का नाही? पळणारी तर मागेच होती.’

‘वळता येत नाही, दादा. एकदा ज्या खांबाकडे तोंड केलं त्या खांबापर्यंत जावं लागतं. नाहीतर फाऊल.’

‘मग ती सुटणार ना.’

‘म्हणून खो द्यायचा.’

‘आणि ही मधून कशी गेली?’

‘पळणारीला मधून जाता येतं. मागे लागलेलीला नाही.’

‘असं का?’

‘तसाच खेळ आहे.’ मग जरा थांबून, ‘दादा, तुम्ही खरंच पेपरात आहात का?’

दादांनी वही काढली. गुणलेखकाच्या कागदावर काय काय होतं ते उतरवून घेतलं. कुणी किती मिनिटं संरक्षण केलं, कुणी किती गडी टिपले, मध्यंतराला आघाडी कितीची होती. अंतिम सामना बरोबरीत सुटला तेव्हा तो सुपर ओव्हरची वाट पाहत होता. टेबलावरून कुणी तरी ‘अलाहिदा डाव’ म्हणालं आणि सगळं मैदान पुन्हा कामाला लागलं. त्यातही बरोबरी झाली. मग लघुतम आक्रमण, म्हणजे पहिला गडी कोण लवकर बाद करतं ते. घड्याळावर तीस-बत्तीस सेकंदांचा मामला. इंट्रो सांगत होता की त्या वेळी टेबलाभोवती कुणी श्वास घेत नव्हतं. मी म्हटलं, हे बातमीत घालू नकोस, पण लक्षात ठेव.

संध्याकाळी माझ्याकडे आला तो चिडूनच. ‘सर, हे टीव्हीवर नीट दाखवत का नाहीत? दोन सेकंदांत तीन खो गेले, मला एकच दिसला.’ बातमी आणली होती. दोन पानं. सूर्य नव्हता, सिंहगड नव्हता, शब्द दिला तसा पाळला होता. फक्त ‘शिवरायांच्या गनिमी काव्याची आठवण’ तेवढी चुकून राहिली होती, ती मी काढली. सगळ्यात शेवटी, माजी नगरसेवकांच्या भाषणानंतर, निकालही होता.

‘हा वर घे,’ मी म्हटलं.

‘वर घेतला तर इंट्रोचं काय?’

‘हाच इंट्रो.’

इथे जरा माझं मत. गहुंजेचा सामना कोट्यवधींनी पाहिलेला असतो, तिथे बातमीदाराने सूर्यनारायणाला आणलं काय आणि चांदोबाला आणलं काय, निकाल कुणाला चुकत नाही. धावफलक पाहणाऱ्याच्या खिशातच असतो. त्या मैदानावर लघुतम आक्रमणात जिंकलेल्या सामन्याचं चित्रीकरण मात्र कुणी केलेलं नव्हतं. पालकांनी आपापल्या मुलीचं फोनवर थोडं केलं असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात आठ ओळी आल्या तर तो सामना झाला. न आल्या तर गुणपत्रक शाळेच्या कपाटात. म्हणून क्रीडा पत्रकारितेची परीक्षा घ्यायची तर ती या आठ ओळींवर घ्यावी, असं मी विभागाला लेखी कळवलंय. उत्तर आलेलं नाही. अभ्यासक्रमात सध्या ‘क्रीडा पत्रकारितेचे जागतिक परिप्रेक्ष्य’ आहे.

दुसऱ्या वर्षी इंटर्नशिप. एका दैनिकाच्या क्रीडा विभागात इंट्रोची वर्णी लागली. (नाव सांगत नाही, सगळ्या दैनिकांत तेच होतं.) जाताना त्याने पांढरा शर्ट शिवून घेतला, मुलाखतीचे प्रश्न लिहून घेतले. आपल्याला पहिल्याच आठवड्यात दौऱ्यावर पाठवतील अशी त्याला खात्री नव्हती, पण आशा होती. पहिल्या संध्याकाळी मुख्य उपसंपादकांनी त्याच्यापुढे प्रसिद्धिपत्रकांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, ‘यातनं बातम्या काढ. नावं बघ.’

ज्याने हा गठ्ठा पाहिला नाही त्याला मराठी समाजजीवन कळलं असं मी मानत नाही. एका जिल्हास्तरीय कॅरम स्पर्धेचं पत्रक. उद्घाटन आमदारांच्या हस्ते. प्रमुख उपस्थिती बारा. विशेष उपस्थिती नऊ. प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. स्पर्धेसाठी परिश्रम घेणाऱ्यांची यादी, वर्णानुक्रमे नाही, मानपानाप्रमाणे. दीपप्रज्वलनाचा फोटो, त्यात समई दिसत नाही, इतकी माणसं. आणि अख्ख्या पत्रकात कॅरम कोण खेळलं याचा पत्ता नाही.

इंट्रोने ते पत्रक दोनदा वाचलं. मग फोन उचलला आणि आयोजकांना विचारलं, ‘जिंकलं कोण?’

हे मला त्या मुख्य उपसंपादकांनी नंतर सांगितलं. आम्ही जुने दोस्त. मला भरून वगैरे आलं नाही, पण मी त्यांना चहा पाजला.

पलीकडून उत्तर आलं होतं, ‘ते बघून सांगतो. पण आमदारसाहेबांचं नाव पहिलं घ्या.’

सव्वादहाला विजेत्याचं नाव मिळालं. साडेदहाला आडनाव मिळालं. अकराला कळलं की ते आडनाव उपविजेत्याचं आहे. पान साडेअकराला सुटायचं होतं, डाक आवृत्ती तर त्याआधीच गेली होती. त्या रात्री इंट्रोची पहिली बातमी छापून आली: एका कॉलमात अकरा ओळी, वर ‘पुणे : प्रतिनिधी’. स्वतःचं नाव नाही. त्याच्या आईने तरी ती कापून फ्रिजवर लावली. शेजारणीला दाखवून म्हणाली, ‘प्रतिनिधी म्हणजे आमचाच.’

दुसऱ्या दिवशी एका पालकांचा फोन. शालेय निकालात त्यांच्या मुलीच्या नावाला एक ‘न’ जास्त लागला होता आणि त्या एका अक्षराने ती मुलगा झाली होती. मुलांच्या गटातली सुवर्णपदक विजेती म्हणून तिची शाळेत टिंगल झाली. इंट्रो बिचारा बराच वेळ ‘हो काका, सॉरी काका’ करत होता. काका म्हणाले, ‘तुम्हाला खेळाडूंची काही किंमत आहे का?’ फोन ठेवल्यावर तो स्वतःशीच पुटपुटला, ‘मी तर किती लिहिणार होतो.’

अजून सुटला नव्हता तो पूर्णपणे. २ नोव्हेंबर २०२५च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. महिला क्रिकेट त्याने तोवर ‘हायलाइट्स बघतो’ या पातळीवर ठेवलेलं. त्या रात्री वाहिनीवर पहिलं वाक्य होतं, ‘मी कधीपासून सांगत होतो...’ मंगळवेढ्याच्या मुलीने खाली विचारलं, ‘कुणाला?’ सांगलीच्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘आवाज येत नाही.’ तरी एक गोष्ट मी पाहिली. स्मृती मानधना, शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे पाच बळी हे सगळं सांगायच्या आधी, पहिल्या दहा सेकंदांत, त्याने निकाल सांगितला होता.

पुढे या जातीचं काय होतं? बहुतेक जण वर्षभरात कुठल्या तरी लीगच्या संघाचं समाजमाध्यम सांभाळायला जातात. तिथे पगार बरा असतो, टी-शर्ट फुकट मिळतो आणि टाळ्या वाजवायला परवानगी असते. नव्हे, तेच काम असतं. काही जण जनसंपर्कात जातात आणि ती पत्रकं लिहू लागतात ज्यात जिंकलं कोण ते नसतं. एखादा खरोखर समालोचक होतो. आमची मंगळवेढ्याची मुलगी एका दैनिकात लागली. परवा तिने कुस्तीच्या मैदानाची बातमी दिली, त्यात कोण कुठल्या डावावर पडला ते होतं, घिस्सा की ढाक हेही होतं, आणि विशेषण एकही नव्हतं. इंट्रो जिथे इंटर्नशिप केली त्याच दैनिकाच्या त्याच टेबलावर राहिला. का राहिला, विचारलं नाही. पिवळा टी-शर्ट अजून असतो, वरून स्वेटर घालतो, कारण एसी गार आहे. या वर्षीचा नवा प्रशिक्षणार्थी त्याच्याकडे सोपवलाय. त्या मुलाने पहिल्या दिवशी विचारलं म्हणे, ‘दादा, प्रेस बॉक्समध्ये जेवण चांगलं असतं ना?’ इंट्रोने पत्रकांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला.

तर वाचकहो, खेळाच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात शालेय निकाल असतात, ते एकदा चष्मा लावून वाचा. त्यात तुमच्या मुलाचं किंवा मुलीचं नाव चुकलं असेल तर जरूर फोन करा, दुरुस्ती छापतात. फक्त दुपारी चारनंतर करा. त्याआधी क्रीडा विभागात कुणी नसतं.